खांद्याला धरून उचलणं

मुलाला लाइफ जॅकेट घातलं की काम झालं, असं लोकांना वाटतं. झालं कपाळ! जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्यांना धरून मूल जमिनीवरून वीतभर उचलायचं. जॅकेट वर सरकून कानाला लागलं, तर पट्टे पुन्हा आवळायचे आणि पुन्हा उचलायचं. कारण पाण्यात जॅकेट वर तरंगतं, आणि ढिलं असेल तर मूल त्यातून खाली सुटतं. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सव्वीस वर्षं तळ्यावर हेच करत आले. सहलीची मुलं त्यांना घट्टकाका म्हणायची, कारण पट्टा ओढताना त्यांच्या तोंडात तेवढा एकच शब्द असायचा.

माणूस चिडका. कुणाचा मुलाहिजा नाही. एकदा एका मुलाचे वडील म्हणाले, "आमचा पोहण्यात पहिला येतो, त्याला कशाला हे जोखड?" भाऊजी म्हणाले, "मग त्याला पोहतच जाऊ द्या की, होडी कशाला अडवता?" होडीत उभं राहायचं नाही, उलटली तर होडीला धरून राहायचं, काठाकडे पोहत सुटायचं नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की दुपारी डोळा लागला तरी पुटपुटायचे. मग ताई म्हणायची, "अहो, मी काठावरच आहे, झोपा."

मी त्यांचा मेहुणा. चाळिशी उलटली, लग्नाचं काही जमलं नाही, म्हणून त्यांच्याकडेच राहतो. नोकरीही त्यांनीच लावून दिली. माझं काम पाण्यावरचं. पहिलं मूल होडीत बसायच्या आधी राखणीची होडी पाण्यात हवी, असा नियम आहे, आणि ती होडी मी चालवायचो. आमच्या दोन खोल्या जॅकेटांच्या कोठीमागे, भाऊजींच्या नोकरीबरोबर मिळालेल्या. मी तेव्हा हंगामी. आठ महिन्यांनी भाऊजी निवृत्त होणार, त्यांच्या जागी मी कायम होणार आणि खोल्या माझ्या नावावर येणार, असं ठरलं होतं. मधेच नोकरी गेली असती तर खोल्याही गेल्या असत्या, इतका सरळ हिशोब.

आणि नेमका तेव्हाच भाऊजींचा उजवा खांदा गेला. रोज चाळीस-पन्नास पोरं उचलायची म्हणजे दुसरं काय होणार? डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलणं बंद. ताई शेक देता देता म्हणाली, "आठच महिने राहिलेत. कुणाजवळ बोलू नका." मग माझ्याकडे वळली, "आणि तूही तोंड आवर." आवरलं. आम्ही आपसात एक तोड काढली. आधी मी काठावर सगळी मुलं उचलून बघायची, मग धावत जाऊन होडी काढायची, तोवर मुलांनी बसून राहायचं. दोन महिने निभलं.

त्या दिवशी बत्तीस मुलांचं पथक तासभर उशिरा आलं. त्यांचे सर तरुण, भले, पण घाई अशी की पायाखाली निखारे ठेवल्यासारखी. "बस साडेबाराला निघणार हो! तुम्ही आधी पाण्यावर जा, इथं काका आहेत ना?" मी भाऊजींकडे पाहिलं. सरांसमोर बोलणार काय? भाऊजी म्हणाले, "जा तू." मी गेलो.

पाण्यावरून मला सगळं दिसत होतं. पहिली दहा-बारा मुलं त्यांनी डाव्या हातावर भार घेऊन, दात-ओठ खाऊन उचलली. मग हात थांबला. पुढच्या मुलांच्या पट्ट्यात ते नुसती दोन बोटं घालून ओढून बघत होते. माझ्या गळ्यात शिट्टी होती. तीनदा वाजवली की सगळ्यांनी परत फिरायचं. मी वाजवली नाही. म्हटलं, बारा उचलली, बाकीच्यांचंही नीटच असेल.

दोन मुली जागा बदलायला उभ्या राहिल्या आणि होडी उलटली. मी जीव खाऊन वल्ही मारली. एक मुलगी होडीला धरून होती, सांगितलं होतं तशी. दुसरीचं जॅकेट तरंगत होतं, आणि आत कुणी नव्हतं. मी उडी टाकली. हाताला केस लागले, ओढलं, वर आणलं. नऊ वर्षांची पोर. आधी पाणी ओकली, मग भोकाड पसरलं. लहान मुलाचं रडणं मला आयुष्यात इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहेबांनी ते जॅकेट टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बक्कल जुनं झालं होतं, असं लिहू. नवी जॅकेटं मागवू. मुलगी सुखरूप आहे, विषय मिटला." पथकाच्या सरांनीही मान हलवली. मी मनात म्हटलं, सुटलो बुवा.

भाऊजी म्हणाले, "बक्कल ठणठणीत आहे. मी त्या मुलीला उचललं नाही. माझा खांदा कामातून गेलाय, दोन महिने झाले. तुम्ही नवी जॅकेटं आणाल, आणि उचलायचं राहूनच जाईल. खरं आहे ते लिहा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही." भाऊजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला?" साहेबांनी मला विचारलं.

दोघेही गेलो असतो तर खोल्या गेल्या असत्या, ताई रस्त्यावर आली असती. भाऊजी खोटं का बोलले ते मला कळत होतं. "नाही, साहेब," मी म्हणालो. मला माझीच किळस आली.

भाऊजींना त्याच दिवशी घरी बसवलं. काम अडू नये म्हणून मला लगेच कायम केलं, खोल्या माझ्या नावावर झाल्या. आता मुलं मी उचलतो, पाण्यावर दुसरा असतो. संध्याकाळपर्यंत पाठीचा भुगा होतो. भाऊजी खाटेवर बसून असतात. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, एकदाही टोचून बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी त्या मुलीची आई तिला घेऊन दारात आली. माझे दोन्ही हात धरून रडायला लागली. "दादा, तुम्ही होतात म्हणून माझी पोर आज आहे. तो म्हातारा कसला निष्काळजी, आणि तुम्ही देवासारखे धावलात."

मी काही बोलायच्या आत खाटेवरून भाऊजी म्हणाले, "खरंय बाई. यानंच वाचवली. या, आत या, बसा."

तो म्हातारा हाच, हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्यांच्याशेजारीच बसली. मी पाणी आणतो म्हणून आतल्या खोलीत गेलो. ताई तिथं भिंतीला टेकून उभी होती. तिनं पेला भरून माझ्या हातात दिला. तो घेऊन बाहेर जायला मला फार वेळ लागला.