मागच्या दाराची पाटी

आम्ही पुण्याचे, त्यामुळे पाट्यांचा अभिमान रक्तातच. दादाचं अक्षर इतकं देखणं, की सोसायटीतल्या सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या. मजकूर मात्र माझा. 'इथे गाडी लावल्यास हवा आम्ही काढू, भरायची तुम्ही.' लोक वाचायचे, हसायचे आणि गाडी तिथेच लावायचे. हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं असूनही मी ती घोडचूक केली.

जपानातल्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिथे ओजिमाला आलो. घरी बसून कंटाळले, तेव्हा जवळच्या कोम्बिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला. दिवसाचे चार तास. पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी गल्ल्यामागचे दोन नारिंगी चेंडू दाखवले. आत रंग भरलेला. चोर आला तर मागेल ते द्यायचं आणि तो पळायला लागला की त्याच्या पायाशी चेंडू फोडायचा. रंगावरून पोलीस ओळखतील म्हणे! मला हसू आवरेना. रंगपंचमीच्या फुग्यांवर दुकानाचं संरक्षण! पण त्या दुकानात चेंडू फुटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

आणि पाट्या! आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी चुकीच्या दिवशी कचरा ठेवला की तिथे एक कागद चिकटायचा. दुसऱ्या दिवशी सगळं सुतासारखं सरळ. कागद लावला की माणूस ऐकतो, हे मी रोज बघत होते. माझ्या डोक्यात हवा गेली.

दादानं तोवर अमेरिकेत किराणा दुकान टाकलं होतं. तिकडे गिऱ्हाइकं कमरेला पिस्तूल लावून बिनधास्त आत यायची. एक निवृत्त म्हातारा दर शनिवारी समोसे न्यायला यायचा, तोही तसाच. माणूस भला होता, पण दादाची नजर त्याच्या पट्ट्यावरून हलायची नाही. दुकानात बंदुकीला बंदी करायची की नाही, हे तिथल्या कायद्यानं मालकावर सोडलेलं. वहिनी बंदी नको म्हणत होती. दादानं मला विचारलं, "काय करू गं? लावू का पाटी?"

"लाव की! त्यात विचारायचं काय? आमच्याकडे बघ, दोन रंगाचे चेंडू, बास." वर मजकूरही पाठवला. 'बंदूक गाडीत ठेवून यावे. आमची भाजी स्वतःहून कुणावर हल्ला करत नाही.' दादानं तो इंग्रजीत, त्याच्या सुरेख अक्षरात लिहून दारावर लावला. पोरं घेऊन येणाऱ्या बायकांनी त्याचे आभार मानले. म्हाताऱ्यानं पाटी वाचली, दारातूनच मागे फिरला आणि पुन्हा आला नाही.

सात-आठ महिन्यांनी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. दुकानात चोर शिरला होता. दादाच्या उजव्या खांद्यात दोन गोळ्या घुसल्या होत्या, पण तो वाचला होता. मला कधी वन्सं न म्हणणारी वहिनी त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, तुमच्या जपानात चालत असतील पाट्या. इथे पाटी म्हणजे चोराला आमंत्रण. तो म्हातारा असता तर वाचवलं असतं त्यानं."

वाचवलं असतं? की घाबरून त्यानंच एखाद्या पोराला गोळी घातली असती? कोण सांगणार! पण हे तिला ऐकवायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे तिथे लोकांकडे मुळात बंदुका असतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचं दुकान चेंडूंनी राखलं नव्हतं, कागदानं तर नाहीच नाही. बाहेर रस्त्यावर बंदूकच नव्हती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मी भावाला शहाणपण शिकवलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दोन आठवड्यांनी दादा फोनवर बोलला. "वहिनीचं मनावर घेऊ नकोस. तो चोर मागच्या दारानं आला. तिथे पाटी नव्हतीच." मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"आता काढलीस ना पाटी?"

"नाही. त्या बायका पाटी बघूनच पोरांना आत आणतात. मागच्या दारालाही एक लावावी म्हणतो. मजकूर पाठव." मग म्हणाला, "आणि ह्या वेळी अक्षरही तुझंच लागेल. माझ्या हातात पेन राहत नाही."

मी हो म्हटलं. अजून पाठवलेला नाही.