अंगण कुणी झाडलं?

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बारामतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारीही मीच... अजूनही ठेवायचा नाहीये.

आमचं घर सणसरजवळ. दादा वेल्डर. लोणी देवकरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो कॅनडाला निघाला. आमच्यात माणूस प्रवासाला गेला की तो पोचेपर्यंत अंगण झाडत नाहीत. आणि दिवेलागणीला अंगण पारोसंही ठेवत नाहीत. आईला दोन्ही पाळायचं होतं.

"कवा पोचंल त्यो?"

मी मोबाइलवर बघून सांगितलं – दिल्ली ते टोरांटो साडेअकरा हजार किलोमीटर, सोळा तास. आपल्याकडच्या उजेडात उतरेल.

"सोळा तास? मधी कुठं थांबत न्हाय व्हय?"

"एसटी आहे का ती, आई?"

पण विमान दिल्लीहूनच दोन तास उशिरा सुटलं. म्हणजे आपल्याकडे अंधार पडल्यावर पोचणार.

कुणी चुकून झाडू नये म्हणून आईनं खराटा सुतळीनं बांधून गोठ्याच्या पत्र्यावर टाकला होता. अंगणात पानं, उसाचं पाचट. शेजारचे तात्या म्हणाले, "वैनी, पोरासंगं खराटा बी धाडला काय कॅनडाला?" आई हसली नाही.

"आता कुठंय?"

"समुद्रावर."

"आन् आता?"

"समुद्रावरच."

नकाशावरचं ते छोटं विमान हलतच नव्हतं...

पाचच्या सुमारास आम्ही दोघी मागं गोठ्यात धार काढायला गेलो. परत आलो तर अंगण झाडलेलं. पाला कोपऱ्यात गोळा केलेला. मातीत ताजे फराटे – आणि उलट्या बाजूला वळलेले. दादा डावखुरा आहे. आईची कंबर धरल्यापासून अंगण तोच झाडायचा. ते फराटे मी रोज बघितलेत.

मी पळत जाऊन पत्र्यावर बघितलं. खराटा तिथंच, सुतळीची गाठ तशीच. धार काढताना तो आमच्या डोक्यावर होता.

आईनं फराट्यांकडं बोट केलं. "त्यो हितं कसा गं आला?" एवढंच म्हणाली. दादाचं काही बरंवाईट तर झालं नसेल? मी मोबाइल दाबत राहिले. विमान अजून समुद्रावरच.

आईनं दिवा लावला.

आठनंतर दादाचा व्हिडिओ कॉल आला. दमलेला, पण धड. आईला रडूच आवरेना.

"उतरलो गं, रडती कशाला? लय झोप लागली व्हती." मग म्हणाला, "हितं सुई कुठं मिळंल गं? तळव्यात कुसळ घुसलंय, ठणकतंय नुसतं." त्यानं डावा हात कॅमेऱ्यापुढं धरला.

"विमानात कुसळ कुठलं?" मी विचारलं.

"काय म्हाईत. झोपंतनं उठलो तर हातात व्हतं."

आईनं माझा दंड दाबला. अंगणाचं आम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही.

तात्यांना विचारलं, त्यांनी झाडलं नव्हतं. कुसळ निघताना घरीच घुसलं असेल, असं मी स्वतःला सांगते.

दादा पोचला होता, तरी दुसऱ्या दिवशीही आईनं खराटा खाली काढला नाही. वाऱ्यानं ते फराटे पुसले जाईपर्यंत आम्ही दोघी अंगणाच्या कडेकडेनं चालत होतो.