कूलरचं आमूलाग्र परिवर्तन

आमच्या घरात बदल घडवून आणण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. ती मला कोणी दिलेली नाही. पण समाजात जबाबदाऱ्या कोणी देण्याची वाट पाहणारे लोक शेवटी नुसती वाट पाहतात, असं मीच आमच्या संघटनेच्या मागच्या पत्रकात लिहिलं आहे. (ते पत्रक आईनं पोळ्यांच्या डब्यात अंथरलं. कागद चांगला आहे म्हणाली.)

गेल्या मे महिन्यात ताईची ऑनलाइन डेमो होती. पुण्याचा एक क्लास मराठी माध्यमाच्या मुलांना घरबसल्या इंग्रजी शिकवतो. त्यांना शिक्षिका हवी होती. ताई तेव्हा नांदुऱ्याहून रोज एसटीनं मलकापूरला जाऊन तासिका घेत होती. उन्हाळी वर्ग धरून! एका डेमोत ही धावपळ संपणार होती. विषय मिळाला होता ‘बदल’ या अर्थाचे इंग्रजी शब्द आणि त्यांच्यातला फरक.

ताईनं तो विषय इतका घोटला की घरात पाणी मागायची सोय राहिली नाही. आई पदर सावरायला गेली की ताई म्हणे, हे अ‍ॅडजस्ट. वस्तू तीच, जरा सरकवली. ब्लाउजची शिलाई उसवून तो सैल केला, तर ऑल्टर. पोरांनी गाडीचा सायलेन्सर कापून गल्ली उठवली, तर मॉडिफाय. जुनं काढून दुसरं बसवलं, तर रिप्लेस. ओळखूच येऊ नये इतकं बदललं, तर ट्रान्सफॉर्म. आणि बिघडलेलं सुधारलं, तर रिफॉर्म.

“मंग तुह्या बापानं तंबाखू सोडली त ते काय?” आईनं विचारलं.

“सोडली कुठी?” ताई म्हणाली, आणि बाबा पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले.

या सगळ्याबरोबर ताई ‘मला, तुला’ची पण तालीम करत होती. पुण्याच्या मॅडमसमोर तोंडून ‘मले, तुले’ निघालं तर संपलंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. यावर मी तिला आपल्या बोलीच्या सन्मानाबद्दल वीस मिनिटं सुनावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली की ‘सुनावणे’ला इंग्रजीत शब्द शोधून ठेवते.

डेमो दुपारी दोन वाजता. नांदुऱ्यात मे महिन्यात दुपारी दोनला कावळासुद्धा सावली सोडत नाही. समोरच्या खोलीत खिडकीला आमचा लोखंडी कूलर. तो बंद ठेवला तर ताई वितळणार. चालू ठेवला तर अशी खडखड, की पुण्याला वाटावं बाई मालगाडीतून शिकवते आहे!

“वैशे, त्याले जरा अ‍ॅडजस्ट कर,” ताई म्हणाली. “तोंड भिंतीकडं फिरव, बस. बाकी कायलेच हात लावू नोको.”

अ‍ॅडजस्ट! माझ्या डोक्यात तिडीक गेली. या शब्दानंच तर आपला घात केला आहे. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा येतो, म्हणतो अ‍ॅडजस्ट करा. नळाला चार दिवस पाणी नाही, अ‍ॅडजस्ट करा. नवऱ्याचा स्वभाव तापट आहे, मुली, अ‍ॅडजस्ट कर! मी आमच्या पत्रकातून हा शब्द दिसेल तिथे खोडत आले आहे, आणि माझ्याच घरात कूलरपुढे मी मान तुकवू? दुखणं मुळातून उपटलं पाहिजे.

मी पेचकस घेतला.

कूलरचा एक पाय विटेवर डुगडुगत होता. त्याखाली मी पत्रकांचा गठ्ठा कोंबला. खडखड निम्मी झाली. (इथे शहाणा माणूस थांबला असता. पण शहाण्या माणसांनी आजवर कोणती चळवळ उभी केली?) मग लक्षात आलं की समोरच्या झडपा वाजतात. काढल्या. गवत धरून ठेवणारी जाळी थरथरते. तीही काढली. पंप कण्हत होता, म्हणून तोही बदलून टाकला. मामांचा लग्नाच्या बिछायतीचा धंदा आहे. त्यांच्या मंडपातल्या जम्बो कूलरचा पंप आमच्या अंगणात पडून होता. अख्ख्या वरातीला गार करणारा पंप! तो बसवला, सगळं पुसून घेतलं, आणि कूलरकडे असं पाहिलं जसं नेते जनतेकडे पाहतात.

चालू करून पाहायला वेळ उरला नाही.

दोन वाजता ताई लॅपटॉपसमोर बसली. बोलणं अगदी लोण्यासारखं. “मुलांनो, तुम्हाला मी आज सांगणार आहे…” पडद्यावरच्या मॅडम मान डोलावत होत्या. तिसऱ्या मिनिटाला घाम ताईच्या भुवईवर आला आणि तिनं डोळ्यानं मला खूण केली. मी आधी पंप लावला. मग पंखा. फुल.

पहिल्यांदा काहीच आवाज आला नाही. मी अभिमानानं आईकडे पाहिलं.

मग वरच्या पन्हाळीतून पाण्याचा लोट सुटला, गवत फुगलं, जाळी नव्हतीच, आणि पंख्यानं ते ओलं गवत ओढून सरळ खोलीत भिरकावलं! पुंजकेच पुंजके! एक भिंतीवरच्या घड्याळाला लागला, एक आईच्या चहात, आणि सगळ्यात मोठा ताईच्या डोक्यावर, अगदी देवाच्या मुकुटासारखा बसला. आतल्या खोलीत झोपलेले बाबा धडपडत बाहेर आले.

“कोनाचं सोयाबीन काढून राह्यले घरात?” त्यांनी विचारलं आणि मेन स्विच पाडला.

वीज गेली, पण लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरनेट मोबाइलवर. पुणं अजून पाहतच होतं.

“अहो, मागे काय झालं?” पडद्यावरून मॅडमचा आवाज आला.

ताईनं डोळ्यावरचं गवत बाजूला केलं. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला इंग्रजीत शब्द नाही, मराठीत छापता येत नाही. आणि मग तिचं सगळं पुणं गळून पडलं.

“मॅडम, मी माह्या बहिनीले सांगतलं होतं, कूलर अ‍ॅडजस्ट कर. म्हंजे वस्तू तेच, फक्त तोंड फिरवाचं. हिनं पायाखाली कागदं कोंबले, ते झालं ऑल्टर. झडपा काढल्या, मॉडिफाय. पंप दुसरा बसोला, रिप्लेस. आन आता हे जे तुमाले दिसून राह्यलं ना, कूलरचं मळणीयंत्र, याले म्हंतेत ट्रान्सफॉर्म.”

मला वाटलं संपलं. मलकापूरची एसटी मला डोळ्यांसमोर दिसली, ताई खिडकीशी, आणि तिकीट माझ्या नावानं फाडलेलं. मग मॅडम म्हणाल्या, “छान. पण रिफॉर्म राहिला.”

ताईनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी उभी होते, डोक्यापासून निथळत, हातात पेचकस, केसात गवत.

“तो हिच्यावर चालू हाये,” ताई म्हणाली. “फरक दिसला की कळवतो.”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. ताईला नोकरी मिळाली. मॅडमनी सांगितलं, मुलांना अशाच भाषेत शिकवा. बोलीच्या सन्मानाचा हा विजय खरं तर माझ्यामुळे झाला, पण घरात कोणी तो विषय काढू देत नाही.

आता रोज दुपारी ताईचा वर्ग भरतो. तिची अट एकच, वर्ग चालू असेपर्यंत मी आणि पेचकस दोघांनी घराबाहेर राहायचं. पहिल्या दिवशी मी निषेधाचं पत्रक लिहायला बाहेर आले, तर सावलीची पायरी एकच, आणि तिच्यावर शेजारच्या काकू लसूण सोलत बसलेल्या.

त्यांनी टोपलं जरासं सरकवलं. “ये वं बाई,” म्हणाल्या, “अ‍ॅडजस्ट कर.”

केलं.