शेरडं खात नाहीत ते फूल

बहात्तरच्या दुष्काळापाठोपाठ आलेल्या उन्हाळ्यात मी सांगलीहून साताऱ्याच्या डोंगरात रानफुलं ओळखायला गेलो होतो. तिथं दुष्काळी माण तालुक्यातून शेरडं जगवायला आलेला एक म्हातारा भेटला. कुठल्याही फुलाचं नाव विचारलं की तो काठीनं ते हलवायचा आणि म्हणायचा, "ह्ये शेरडं खात्यात."

"अहो, पण नाव काय?"

"खात्यात म्हनलं की."

मी पुरता वैतागलो. शेवटी एका जांभळ्या फुलाला तो म्हणाला, "ह्ये खात न्हाईत. लय कडू हाय."

ते मी तोडून घेतलं, तेवढ्यात एका शेरडानं ते हातातून ओढून चघळलंसुद्धा.

"तुम्हीच म्हणालात ना, खात नाहीत?" मी चिडून विचारलं.

शेरडाच्या वर आलेल्या बरगड्यांवरून हात फिरवत तो म्हणाला, "औंदा खात्यात."