सर्जेराव शेठचा हात

नाटकात थोबाडीत मारायची असली की हात गालाच्या वीतभर अलीकडून जातो, आणि आवाजाची टाळी विंगेत उभा असलेला कुणीतरी वाजवतो. उभी हयात मी खलनायक रंगवले. कित्येकांना असं मारलं आणि पडदा पडल्यावर त्यांच्याच डब्यातली भाकरी खाल्ली. काय दिवस होते! म्हणूनच माझा शेजारी कडूबा त्याच्या शेडमधल्या मारामाऱ्या सांगू लागला, तेव्हा मला आधी हसूच आलं. मग त्याचा डावा कान पाहिला. त्या शेडमध्ये टाळी वाजवणारा कुणी नव्हता.

कडूबा दौलताबादकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाळूजला सर्जेराव शेठच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढायच्या शेडमध्ये, हेल्पर म्हणून लागला आणि फोरमन झाला. शेठ स्वतः मशीनवर मार खात वर आलेले. माणूस दिलदार. कामगाराच्या बहिणीच्या लग्नात कंबरेला उपरणं बांधून पंगतीत वाढायचे. पण माराबिगर माणूस घडत नाही, ही त्यांची श्रद्धा. चुकलास की थोबाडीत, आणि मारलं की विषय संपला. पगार कापायचा नाही, कामावरून काढायचं नाही. पोरांना त्यात न्याय वाटायचा. शेठ फोरमनला मारायचे, फोरमन ऑपरेटरला, ऑपरेटर हेल्परला. ज्यानं अजून मार खाल्ला नाही, त्याला सगळे ‘पाव्हणा’ म्हणत. शिवम नावाचा पोरगा नवा हेल्पर म्हणून लागला, तेव्हा कडूबानं त्याला विचारलं:

“शिवम, तुला कुणी हाणलं का नाय अजून?”

“नाय.”

“मंग तू पाव्हणाच की रं! जेवून जा, बस वाढतो!”

कडूबा सगळ्यांत पटाईत. मोकळ्या तळव्यानं, कानाखाली. नव्या पोरांना तो शिकवायचाही.

प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी ती दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात सापडायची भीती नाही. पण तसं काम सावकाश होतं. म्हणून शेठच्या शेडमध्ये एका बटणात लाकडी पाचर ठोकलेली असायची. एक हात बटणावर, दुसरा आत पत्रा सरकवायला.

त्या दुपारी माल घेऊन जाणारी गाडी दारात उभी होती. हनुमान नावाचा ऑपरेटर पत्रा नीट बसवत होता, जरा जास्तच नीट.

“हनम्या, नवरी सजवतो का रं?” म्हणत कडूबानं मागून त्याच्या कानाखाली ओढली.

हनुमान पुढं झोकला गेला. उजवा तळवा बटणावर पडला. डावा आतच होता.

पुढचं कडूबा सांगत नाही. शिवमनं सांगितलं. ठोकळा वर गेला तेव्हा हनुमान ओरडला नव्हता. तो नुसता मनगटाच्या पुढं काय उरलंय ते बघत होता. मग ओरडला, आणि शेडमधली सगळी मशीनं चालू असूनही ते सगळ्यांना ऐकू आलं.

दवाखान्याच्या जिन्यात शेठनं कडूबाच्या दोन थोबाडीत दिल्या. “झालं. संपला विषय. उद्या येळंवर ये.”

दुसऱ्या दिवशी मशीन धुऊन ठेवलं होतं. पाचर जागच्या जागी. समोर, हनुमानच्या जागी, शिवम उभा.

“बाजूला हो,” कडूबा म्हणाला. त्यानं पक्कड घातली आणि पाचर उपटली.

शेठ आले. “ठोक ती परत.”

“नाय ठोकणार, शेठ. हे पोरगं थोटं व्हायचं.”

“हनम्याचा हात पाचरीनं गेला का तुझ्या चापटीनं?”

“दोन्हीनं. चापट कुणाकडून शिकलो?”

शेठचा हात उठला. कडूबानं तो हवेतच धरला. दाबला नाही, पिरगळला नाही, नुसता धरला.

“मालकाचा हात धरतो व्हय!” कुणीतरी किंचाळलं आणि पहिला फटका कडूबाच्या कानाखाली बसला. मोकळ्या तळव्यानं, त्यानंच शिकवलेला. मग सगळे तुटून पडले. कान फुटला. तो खाली पडल्यावर बुटांची पाळी आली. बरगडी मोडल्याचा आवाज शेजारच्याला ऐकू गेला, तरी बूट थांबले नाहीत.

“सोडा! मरंल तो!” शेठ ओरडत होते. कुणी ऐकेना. त्यांनी एकाची कॉलर ओढली. तो न बघताच वळला आणि त्यानं शेठच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, एक दात फरशीवर पडला. तेव्हा कुठं सगळे थांबले.

शेठनं तोंड पुसलं. “मशीनवर जा सगळे,” म्हणाले. सगळे गेले. शिवम गेला नाही. त्यानं कडूबाला बगलेत धरून उठवलं आणि दोघं फाटकाबाहेर पडले. त्या प्रेसवर शेठनं दुसरा माणूस उभा केला. पाचरीसकट.

शिवमचा हात वाचला, एवढंच झालं.

हनुमाननं कडूबाला घरात घेतलं नाही. कडूबा त्याला दोष देत नाही.

आता कडूबा दुसऱ्या, लहानशा शेडमध्ये शिफ्ट सांभाळतो. शिवमही तिथंच आहे. परवा मी बघायला गेलो होतो. बटणं मोकळी होती. कडूबा कुणाला झापायला निघाला की आधी दोन्ही हात पाठीमागं नेतो आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळतो. इतकं, की बोटं पांढरी पडतात. तोंड मात्र पहिल्यासारखंच आहे, शिव्यांत मी त्याला कधीही नायक करीन.

मी तिथं असतानाच दोन ऑपरेटरांची जुंपली. नाकाला नाक लागलेलं, आईबाप निघालेले, आणि दोघांचेही हात पाठीमागं! नवा आलेला ऋतुराज हे बघत होता.

“हे काय मिलिटरीत होते का?” त्यानं शेजारच्याला विचारलं.

“काय ठाव,” शेजारचा पत्रा लावत म्हणाला. “इथं असंच भांडतेत.”