आधी कान

"थांब बाय, आधी कान, मग डोळे," असं म्हणून अंकल माझ्या स्क्रीनवर रुमाल टाकायचे. इस्त्रीचा, वसईहून आणलेला. मला भारी राग यायचा.

आमचं काम सांगायला सोपं. उत्तरेच्या बर्फाळ, उथळ समुद्रात तळाशी वर्षभर माईक ठेवायचे आणि मग व्हँकुव्हरच्या ऑफिसात बसून ऐकायचं: जहाजं किती गोंगाट करतात, देवमासे कधी बोलतात. अंकल कोळ्याघरचे. त्यांचे वडील वल्ह्याचा दांडा पाण्यात धरून कानाला लावायचे आणि घोळ मासा कुठे आहे ते सांगायचे. ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली. तुमच्याही ऑफिसात असा एक नग असेलच.

माईक बोटीवरून सोडताना ते त्याच्यावर क्रूस काढून त्याच्याशी मराठीत बोलायचे. कॅप्टन ताटकळत उभा. "अंकल, आवरा!" मी म्हणायचे.

"अगो, वर्षभर एकटा राहणार तो."

एका हिवाळ्यात त्यांनी एका खाडीच्या सगळ्या फायलींवर शेरा मारला: 'जहाजं आहेत, देवमासे नाहीत.' त्या रिपोर्टवरून तिथे आणखी जहाजं सोडायची की नाही ते ठरणार होतं. ते लंचला गेल्यावर मी रुमाल उचलला. स्क्रीनवर आवाजाचं चित्र उमटतं; त्यात वरच्या, बारीक आवाजांच्या पट्टीत रेघाच रेघा. हेडफोन लावला, तर पांढऱ्या देवमाशांची, बेलुगांची, नुसती चिवचिव.

अंकलना तीनदा ऐकवलं. "काय नाय गो," म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून हेडफोन हळूच काढून ठेवला.

मी केबिनचं दार लोटून घेतलं. "जहाजाच्या आवाजात दबलं म्हणून लिहू या ना. कुणाला कळतंय?"

"आपलं पाप जहाजावर टाकू? वेड लागलंय काय तुला?"

अंकल तडक बॉसकडे गेले. "नॉट द शिप. माय इयर्स." रिपोर्ट परत घेतला. आम्ही सगळ्या फायली पुन्हा तपासल्या. मी ऐकायचे, ते स्क्रीन बघायचे. रुमाल खिशात.

त्या उन्हाळ्यात शेवटचा माईक सोडून ते रिटायर झाले. त्या खेपेला मी बोटीवर नव्हते. जाताना रुमाल माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. फेब्रुवारीत वसईला वारले. फ्युनरल मी फोनवर बघितलं.

ऑगस्टमध्ये तो माईक वर आला. स्क्रीनवर रुमाल टाकून मी पहिली फाईल लावली. माईक बोटीवरच चालू करतात, हे मी विसरलेच होते. वारा, साखळीचा खणखणाट आणि अगदी कानाशी अंकल.

"मला आता ऐकू येत नाय, बाबा. तू नीट ऐक."

मग पाणी.