पहिल्या दिवशीचा शब्द

बिबवेवाडीतल्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवायचो आणि एक सर इंग्रजी. कॉल सेंटरच्या नोकरीसाठी आलेल्या प्रत्येक बॅचला ते पहिल्या दिवशी फळ्यावर 'सूथ' लिहून दाखवत.

"जुन्या इंग्रजीत सूथ म्हणजे सत्य. आपण सूदिंग म्हणतो ना, ते त्यातूनच आलं. आधी अर्थ होता खरं ठरवणं, मग 'खरंय, खरंय' म्हणत समोरच्याला शांत करणं. तुम्हाला पगार त्याचाच मिळणार आहे," असं ते थकल्या आवाजात सांगत.

एकदा मंडईत भाजी विकणाऱ्या एका बाईंनी क्लासमध्ये येऊन त्यांना विचारलं, "सर, पोरीला नोकरी लागंल ना?" सरांच्याच बॅचमधली, सगळ्या मुलाखतींत नापास झालेली पोर शेजारीच उभी होती.

"लागेल हो," सर म्हणाले.

पुढच्या बॅचला त्यांनी तो शब्द लिहिला नाही. थेट व्याकरण शिकवायला घेतलं.